तिसऱ्या मजल्यावरून ओपीडीपर्यंत

आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. ठाण्यातल्या एका रुग्णालयात केसपेपर काढून, नंबर लावून आम्ही जवळजवळ तीन तास बाकावर बसलो होतो. आत गेल्यावर तरुण डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "आजी, आज तारीख काय?" आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तारखेचं नाही सांगता यायचं मला, पण परवा संकष्टी झाली." संकष्टी खरोखरच परवा झाली होती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. शंभरातून सात वजा करत जायचे होते. रोहे तालुक्यातल्या एका गावात चौथीपर्यंत शिकलेली, पुढे पन्नास वर्षे किराण्याचा हिशेब बोटांच्या पेरांवर करणारी माझी आई त्र्याण्णवपाशी थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, नव्हता, असे मला सुचवायचे नाही. तो होता, आणि आज चार वर्षांनी तिला संकष्टीही आठवत नाही. परंतु त्या दिवशी त्या खोलीत जे तपासले गेले, त्यात तिच्या आजाराचा भाग किती, तिच्या शाळेच्या चार इयत्तांचा भाग किती आणि तिला ऐकू कमी येत होते त्याचा भाग किती, हे वेगळे काढण्याची सोय त्या कागदात नव्हती. कानांची तपासणी कोणी सुचवली नाही आणि मलाही सुचली नाही. ती आम्ही सात महिन्यांनी केली, तेव्हा तिच्या कितीतरी "माहीत नाही"चा अर्थ "ऐकू आलं नाही" असा असणार, हे माझ्या लक्षात आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची जोखीम वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही उपाय करता येतो अशा चौदा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यात कमी ऐकू येणे आहे, कमी शिक्षण आहे आणि उपचार न केलेली अधू दृष्टीही आहे. या तिन्ही गोष्टी आईच्या बाबतीत होत्या.

स्मरणशक्तीची चाचपणी करण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली गेलेली छोटी चाचणी अमेरिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लिहायचे, वाचायचे आणि वजाबाकी करायची असते. आपल्याकडच्या, विशेषतः शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही, हे संशोधकांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या ग्रामीण वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप तयार करण्यात आले, तेव्हा स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहा, या सूचनेच्या जागी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा, असा साधा प्रश्न आला. माझ्या आईला त्या दिवशी कोणी घराबद्दल विचारले असते, तर तिने पडवीपासून सुरुवात केली असती, आणि ती कुठे अडखळते, तेच तेच पुन्हा कधी सांगू लागते, हे ऐकणाऱ्याला त्या उत्तरातूनच पुष्कळ कळले असते.

मी बँकेतून निवृत्त झालेली आहे. वैद्यकशास्त्राचे माझे शिक्षण नाही आणि हे लिहिताना मी तसा आव आणू इच्छित नाही. परंतु आईचे आजारपण काढताना, आणि आता गेले वर्षभर ज्या छोट्या गटात मी जाते तिथे, डिमेन्शियावरचे संशोधन कसे व्हावे याविषयी माझे एक ठाम मत तयार झाले आहे. ते असे, की या आजाराच्या माणसापर्यंत उपचार का पोहोचत नाहीत, हा प्रश्न ज्या घरांत तो आजार आहे त्या घरांना बरोबर घेऊन लिहिला गेला पाहिजे. उत्तरे देण्यासाठी घरांना बोलावले जातेच. प्रश्न लिहिताना मात्र आम्ही तिथे नसतो.

याची पहिली जाणीव मला एका विद्यार्थिनीमुळे झाली. आईचे निदान होऊन वर्ष झाले होते. एका महाविद्यालयातून एक मुलगी प्रश्नावली घेऊन घरी आली. अतिशय सभ्य मुलगी. तिने आमची परवानगी घेतली, कागदावर सही घेतली आणि पाऊण तास प्रश्न विचारले. तुम्हाला किती वेळा थकल्यासारखे वाटते, किती वेळा राग येतो, तुमच्या सामाजिक आयुष्यावर किती परिणाम झाला, अशा प्रश्नांना 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतच्या पाच चौकटींतली एक निवडायची होती. मी प्रामाणिकपणे निवडल्या. शेवटी तिने "काही सांगायचे आहे का?" असे विचारले नाही, कारण कागदावर ती जागाच नव्हती. ती जिना उतरून गेली, तेव्हा माझ्या मनात आले, की आम्ही आईला सहा महिन्यांत डॉक्टरांकडे नेऊच शकलेलो नाही, ही गोष्ट या संपूर्ण पाऊण तासात कुठेच आली नाही.

नेऊ शकलो नाही, याचे कारण आमची इमारत. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींप्रमाणे तिलाही लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. डिमेन्शियात अनेकांना पायरीची खोली नीट कळेनाशी होते. समोरचा जिना आईला विहिरीसारखा दिसत असावा, असे तिच्या चेहऱ्यावरून मला वाटे. ती कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवत असे आणि हात सोडवू देत नसे. खुर्चीवर बसवून खाली न्यायचे तर दोन माणसे लागत. एक वॉचमन मिळे, दुसरा शोधावा लागे. खाली आल्यावर रिक्षा, रिक्षातून उतरल्यावर रांग, रांगेत बसल्यावर दर पाच मिनिटांनी "घरी चल". तासाभराने ती उठून चालू लागे आणि मी तिच्या मागे गेले की आमचा नंबर निघून जाई. एकदा पुकारा झाला तेव्हा आम्ही स्वच्छतागृहात होतो. परत आल्यावर मी खिडकीवर विनंती केली, तर मला पुन्हा शेवटी बसायला सांगण्यात आले. मी आईला घेऊन घरी आले. आरोग्यसेवेची उपलब्धता हा शब्द कागदावर वाचला की मला ती खिडकी आठवते. डॉक्टर होते, औषध होते, रुग्णालय घरापासून दोन किलोमीटरांवर होते, आणि तरीही माझ्या आईसाठी ते नव्हते.

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेतून पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, तेव्हा आईचे वय वंदना कार्ड मी आवर्जून काढले. त्याचे मोल मला कमी करायचे नाही. उद्या ती पडली आणि हाड मोडले, तर ते कार्ड उपयोगी येईल. परंतु ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, आणि डिमेन्शियाचा बहुतेक सगळा खर्च दाखल न होता होतो. ब्युरोतून येणाऱ्या मावशींचा पगार, डायपर, ओपीडीची फी, दर महिन्याची औषधे, बाथरूममध्ये बसवलेले दांडे, आणि माझ्या धाकट्या बहिणीने सोडलेली नोकरी. यातले काहीही कुठल्या दाव्याच्या अर्जात बसत नाही.

वर्षभरापूर्वी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत डिमेन्शियाग्रस्तांच्या कुटुंबीयांची महिन्यातून एकदा बैठक सुरू झाली. सुरुवातीला आम्ही सात-आठ जण एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होतो, इतकेच. तिसऱ्या की चौथ्या बैठकीला व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारातही रोजची कामे करता यावीत यासाठीचे उपचार) शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आल्या. त्यांना ठाणे आणि नवी मुंबई परिसरात या विषयावर काम करायचे होते. त्यांनी बरोबर प्रश्नावली आणलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "माझा प्रस्ताव अजून लिहून झालेला नाही. मी काय विचारायला हवं, ते तुम्ही सांगा." खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. आम्हाला ही सवयच नव्हती.

मग बोलणे सुरू झाले आणि ते दोन तास चालले. प्राध्यापिकांच्या मनातला विषय निदानाला उशीर का होतो, हा होता, आणि तो योग्यच आहे. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत वृद्ध माणसाचे विसरणे आजार म्हणून सहज ओळखले जात नाही. ठाणेकरांच्या वाट्याला तर आणखी एक गोष्ट आलेली आहे. शंभर वर्षांहून जुन्या इथल्या मनोरुग्णालयामुळे 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य महाराष्ट्रभर थट्टेत वापरले जाते, आणि ते ऐकत वाढलेल्या पिढीतले वडील मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढताच दार लावून घेतात. एका सुनेने सांगितले, की सासऱ्यांना तिने "बीपी तपासायला" म्हणून नेले होते. हे सगळे निदानाच्या उशिरात मोडते. पण खोलीतल्या बहुतेकांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. निदान झाले, चिठ्ठी मिळाली, आता पुढे काय? पुढच्या तपासणीला माणूस न्यायचा कसा? दात दुखत असेल आणि तो सांगू शकत नसेल, तर कळणार कसे? रक्त काढायला सुई पाहून तो हात मारत असेल, तर प्रयोगशाळा आम्हाला परत पाठवते, तेव्हा काय करायचे? प्राध्यापिका लिहीत राहिल्या आणि शेवटी त्यांनी आपल्या विषयाचे नाव खोडले.

त्या बैठकीतली एक गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. कोपरखैरण्याहून एक गृहस्थ येतात. त्यांचे वडील साताऱ्याकडचे, आयुष्यभर माथाडी कामगार, आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. आजार वाढल्यावर ते रोज रात्री तीनच्या सुमारास उठून कपडे घालत आणि दाराशी जात. अडवले की मारायला उठत. डॉक्टरांना सांगितल्यावर झोपेची गोळी मिळाली. गोळीने ते दिवसाही गुंगीत राहू लागले आणि एकदा पडले. मुलगा म्हणाला, की आजार काय असतो ते मला माहीत नव्हते, पण बाप माहीत होता. तो कामावर निघालेला असे. मग घरच्यांनी त्यांना अडवणे सोडले. मुलगा उठायचा, चहा करून द्यायचा, सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून आणायचा आणि सांगायचा, "आज गाडी आली नाही, आप्पा. मुकादम म्हणाले घरी जा." आप्पा परत येऊन झोपत. गोळी डॉक्टरांना विचारून बंद झाली. हे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते आणि कुठल्याही प्रश्नावलीतून ते कधी वर आले नसते, कारण 'रुग्ण रात्री भटकतो का' या प्रश्नाचे उत्तर 'होय' एवढेच आहे.

याचा अर्थ घरच्यांना सगळे कळते आणि संशोधकांची गरज नाही, असा मी काढत नाही. तो मुलगा एकटा तिथवर पोहोचण्याआधी त्याचे वडील पडले होते. त्याने शोधलेली वाट आणखी किती घरांत चालते, कुठे चालत नाही, ती शिकवता येते का, हे पद्धतशीर तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि ते काम आमच्यासारख्यांचे नाही. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे साधारण ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाजही असाच कष्टाने मिळालेला आहे. देशभरातल्या चार हजारांहून अधिक वृद्धांच्या सविस्तर चाचण्या, त्यांच्या जवळच्या माणसांच्या मुलाखती आणि तज्ज्ञांनी प्रत्येकाची माहिती वाचून दिलेला निर्वाळा, यांवर तो उभा आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक दिसले. ज्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून हे सहभागी निवडले गेले, तिचे काम वाशीची खाडी ओलांडली की पलीकडे, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालते, हे कळले तेव्हा मला विनाकारण बरे वाटले.

सहकार्याने केलेल्या कामाची उदाहरणे आपल्यापासून दूर नाहीत. १९९८ मध्ये कोचीत जमलेल्या संशोधकांनी एक गट स्थापन केला आणि त्याला '१०/६६' असे आकड्यांचे नाव दिले. डिमेन्शिया असलेले सुमारे ६६ टक्के लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि त्यांच्यावरचे संशोधन मात्र एकूण संशोधनाच्या १० टक्केही नाही, ही तक्रारच त्यांनी नावात लिहून ठेवली. कमी शिकलेल्या माणसाला चुकून आजारी ठरवू नये, अशी निदानाची रीत तयार करण्याचे मोठे काम याच गटाने केले. आणि गोव्यात डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८१ कुटुंबे होती. प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार, जे डॉक्टर नव्हते, सहा महिने या घरांत जात राहिले. ते आजाराविषयी साध्या भाषेत सांगत, अवघड वागणुकीला कसे तोंड द्यायचे ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून देत. ज्या घरांना हे साहाय्य मिळाले, तिथल्या काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रास कमी झाला. हा अभ्यास मी वाचला, तेव्हा मला प्रथम जाणवले ते हे, की यात कोणाला जिना उतरावा लागला नाही. तज्ज्ञता घरी आली.

आमच्याकडे आशाताई आहेत, महापालिकांची आरोग्य केंद्रे आहेत, नवी मुंबईत ठिकठिकाणी ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे आहेत. गोव्यासारखी रचना इथे उभी राहू शकेल का, हा प्रश्न आमच्या गटाने पुढे केला आहे. एका आशाताईंना आम्ही बैठकीला बोलावले, तर त्यांनी शांतपणे आपल्या रोजच्या कामांची यादी वाचून दाखवली. गरोदर स्त्रिया, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणे. त्यांच्यावर आणखी एक काम टाकायचे तर त्याचा मोबदला कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. ज्यांनी काम करायचे त्यांनाही प्रश्न लिहिताना बोलवायला हवे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आम्ही स्वतःवर झालेला अन्याय त्यांच्यावर करायला निघालो होतो.

आणि ज्यांना आजार आहे, त्यांचे काय? ही चूक आमच्याकडून सर्वाधिक काळ झाली. आमच्यात एक निवृत्त गणित शिक्षक पत्नीसह येतात. त्यांचे निदान सुरुवातीच्या टप्प्यावर झाले आहे. पाच बैठका ते गप्प बसले, कारण आम्ही सगळे त्यांच्या पत्नीशी बोलत होतो. सहाव्या बैठकीत प्राध्यापिका प्रश्नांचा कच्चा मसुदा वाचत असताना सर म्हणाले, "प्रत्येक वाक्यात रुग्ण, रुग्ण आहे. आजार मला झालाय, पण मी चोवीस तास रुग्ण नाही. आणि हे प्रश्न तुम्ही माझ्याविषयी हिला विचारताय. मला विचारा. मला उत्तर यायला वेळ लागेल, तेवढं थांबा." स्कॉटलंडमध्ये २००२ पासून डिमेन्शिया असलेल्या व्यक्तींनीच चालवलेला एक गट धोरणांवर आपले म्हणणे मांडत आला आहे, हे प्राध्यापिकांनी त्यानंतर आम्हाला सांगितले. मसुद्यातले शब्द बदलले. सरांनी आणखी एक सूचना केली, ती अशी, की एका कागदावर तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत आणि अक्षर मोठे हवे.

संमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याला आपण कशाला संमती देतो ते समजत नाही, त्याच्या वतीने कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी संमती देऊ शकतो, अशी तरतूद भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आईसाठी ती सही मी करेन. पण सही माझी असली तरी होकार तिचा असला पाहिजे, आणि तिचा होकार आता शब्दांत मिळत नाही. प्राध्यापिकांच्या सहकारी एकदा सरावासाठी आमच्या घरी आल्या, तेव्हा आई पहिली दहा मिनिटे त्यांच्या बांगड्यांकडे पाहत हसत होती. मग तिने तोंड भिंतीकडे वळवले. त्या बाईंनी पेन बंद केले, "आजी, येते हं मी" म्हणाल्या आणि निघाल्या. कागद अर्धा राहिला. मला त्यांचे ते पेन बंद करणे फार आवडले. अर्धवट राहिलेले असे कागद संशोधनात कसे मोजायचे, हे आता त्यांना ठरवायचे आहे, आणि ते सोपे नाही, असे त्यांनीच मला सांगितले.

काही गोष्टींवर आमचे एकमत झालेले नाही. बैठकीला यायचे तर घरी कोणीतरी थांबावे लागते, त्याचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात धरावा, असे आम्ही काही जणी म्हणतो. दोघा-तिघांना पैशांचा उल्लेखही अप्रशस्त वाटतो. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. प्राध्यापिकांना त्या दिवसाचा पगार मिळतो, टंकलेखन करणाऱ्याला मिळतो, छपाई करणाऱ्याला मिळतो. कोपरखैरण्याचे गृहस्थ अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठाण्याला येतात, त्यांच्या अर्ध्या दिवसाला किंमत नसावी, हे मला पटत नाही. शिवाय जे मुळीच येऊ शकत नाहीत, ज्यांच्या घरात दुसरे माणूसच नाही, त्यांचे म्हणणे या पैशांशिवाय खोलीपर्यंत पोहोचणार नाही, आणि सर्वांत अधिक गरज त्यांचीच आहे.

सध्या मसुद्याचे चौथे रूप तयार आहे. पहिला प्रश्न असा आहे: 'गेल्या सहा महिन्यांत डॉक्टरांकडे जायचे ठरवून जाता आले नाही, असे झाले का? शेवटचे असे झाले, तो दिवस सांगा.' त्याखाली चौकटी नाहीत, आठ ओळी मोकळ्या आहेत. पुढच्या शनिवारी एका आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी येणार आहेत आणि सर त्यांना तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. केसपेपरवर एक खूण असावी आणि ती पाहून खिडकीवरच्या माणसाने अशा कुटुंबाला आधी आत सोडावे, एवढी एक मागणीही आम्ही त्यांच्यापुढे ठेवणार आहोत. त्यासाठी संशोधन पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही, यावर प्राध्यापिकाही सहमत आहेत. बैठक तीन वाजता आहे. मावशी अडीचला आल्या, तर मी वेळेवर पोहोचेन.